कायमचं हलवलं आहे

२ तारीख, सोमवार

पहिल्याच दिवशी भाऊजींशी वाजलं. मी काय यांच्या घरात चोरी करायला आलेय? साठवलेली रजा टाकून आलेय, अख्ख्या महिन्याची, आणि हा माणूस मी पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणतो, "चौदा वर्षं चाललंय ते चालू दे की. तू कशाला त्यात हात घालतेस?"

कशाला म्हणजे? ताईच्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेला म्हणून. तिला आता कात्री धरता येत नाही, टाइप करता येत नाही. चौदा वर्षांत तिने एक हजार चाळीस पॅटर्न काढले, दुकानातले कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत त्यांच्यासाठी. चाकाच्या खुर्चीत बसून घालायची विजार, कुबड असलेल्या पाठीचा कोट, एकच हात असलेल्या माणसाचा सदरा. सगळे वेबसाइटवर फुकट. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा, बेतावा, शिवावा. एक हजार एकेचाळिसावा मात्र आता तिच्या हातून व्हायचा नाही. पुनर्वसन केंद्राचं शिलाईघर हे सगळं सांभाळायला घेऊ म्हणतंय, पुढचे पॅटर्नही काढू म्हणतंय. न घेतलं तर ताईबरोबर ते संपणार. आणि केंद्राच्या कार्यालयाचं पत्र आलंय की शोधायला गेलं तर साइट सापडतच नाही, मग समितीला पटवायचं कसं. सत्तावीस तारखेला बैठक आहे, त्याआधी काही करता येईल का.

सापडणार कशी? साइट बांधली भाऊजींनी. मोजणी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस, एक पुस्तक आणून शिकला, आणि प्रत्येक पॅटर्नचा पत्ता काय ठेवला, तर इंडेक्स, टिंब, पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी, चारशे बारा. त्या पानावर विजार आहे की वांगी आहेत हे सर्च इंजिनला कसं कळावं?

"लोकांना चारशे बारा म्हटलं की कळतं," भाऊजी म्हणाले.

"कुठल्या लोकांना? ज्याला बसून घालायची विजार हवीय तो शोधताना चारशे बारा लिहितो का?"

त्यावर म्हणाले, "नटव तुला काय नटवायचं ते." नटवायचं म्हणे. बावीस वर्षं सर्व्हर सांभाळतेय मी. माझ्या हाताखाली सोळा माणसं आहेत आणि त्यातलं एकही माझ्याशी या सुरात बोलत नाही.

३ तारीख, मंगळवार

दिवसभर जेवणाच्या टेबलावर नावं पाडत बसलो, ताई आणि मी. प्रत्येक आकड्याला एक सरळ नाव द्यायचं, म्हणजे पत्ता वाचूनच पानावर काय आहे ते कळेल. चारशे बाराचं झालं "खुर्चीत बसून घालायची विजार". सातचं झालं "एकबाही सदरा".

ताईचं डोकं अजून लख्ख आहे. पण तिला नाव विचारावं तर ती माणूस सांगते. "सात ना? तो एका गवंड्यासाठी बेतला होता. त्याला बायकोच्या मदतीशिवाय बटणं लावायची होती." मी म्हटलं, ताई, गवंडी पत्त्यात मावत नाही. ती हसली. संध्याकाळपर्यंत अर्धे, पाचशे वीस झाले. भाऊजी मधूनमधून येऊन यादी बघत आणि हुं म्हणून जात. त्या हुंला मी भीक घातली नाही.

५ तारीख, गुरुवार

आज चालू केलं.

सर्व्हरवर नियमांची एक फाइल असते. कुणी पत्ता मागितला की सर्व्हर ती वरून खाली वाचत जातो, आणि जुळणारा नियम मिळाला की त्याप्रमाणे वागतो. जुना आकड्यांचा पत्ता कुणी मागितला तर मी सर्व्हरला सांगायला लावलं, इथलं बिऱ्हाड कायमचं हलवलं, नवा पत्ता हा. म्हणजे जुनी माणसं जुन्या पत्त्याने आली तरी नव्या घरात पोचणार. कुणाची गैरसोय नाही. भाऊजींना हे तीनदा समजावलं. तिन्ही वेळा "बघू" म्हणाले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फाइल चढवली. पावणेबाराला मी नव्वद नंबर मागितला आणि समोर एकबाही सदरा. तीनशे मागितला, एकबाही सदरा. यादीचं मुख्य पान मागितलं, तिथेही तोच. कपाळावर हात मारून घेतला. चाचणीसाठी मी लिहिलं होतं, आकडा सात असेल तरच सदऱ्याकडे पाठव. या फाइलीत अट लिहिली की ती फक्त लगेच खालच्या एका नियमाला लागते. मध्ये मी घाईत आणखी एक ओळ घातली आणि अट त्या ओळीला चिकटली. सदऱ्याचा नियम बिनअटीचा मोकळा सुटला. काहीही मागा, सदरा घ्या.

पाच मिनिटांत दुरुस्त केलं. नोंदी बघितल्या, त्या अडीच तासांत एकशे चौऱ्याऐंशी जण येऊन गेले. असू दे. परत येतील तेव्हा बरोबर मिळेल. चूक स्वतः केली, स्वतः पकडली, स्वतः निस्तरली, याला काम म्हणतात. ताईला सांगितलं नाही, उगीच घोर लावून काय करायचं. भाऊजी सकाळपासून त्यांच्या कॉम्प्युटरला चिकटून होते, पण चकार शब्द काढला नाही. खुसपट सापडलं नाही म्हणून खट्टू झाले असतील.

९ तारीख, सोमवार

ताईची पत्रपेटी मी ताब्यात घेतलीय. तिला टाइप करता येत नाही आणि भाऊजी एका पत्राला तासभर लावतात. उत्तरं ताईच्या नावाने जातात, कारण पेटी तिची.

आणि काय पत्रं. चार दिवसांत नऊ तक्रारी. "यादी उघडत नाही." "माझी रोजची पानं गायब झाली." "सगळे पॅटर्न हे बटण दाबलं तरी सदराच येतो." मी इथे माझ्या कॉम्प्युटरवर प्रत्येक वेळी कोरी खिडकी उघडून तपासतेय, एकही पान चुकत नाही. पण नाही, यांच्याकडे सदराच येतो. गुरुवारी सकाळी एकदा काय दिसला, डोक्यातच बसला यांच्या.

एक बाई तर ओळखपाळख नसताना गळ्यात पडणाऱ्या. पत्र असं: "ताई, अंगठा कसा आहे? माझ्याकडे गुरुवारपासून काहीही उघडा, सातच येतोय. माझा चष्मा बदलायला झालाय की साइटला काही झालंय? काजेवाली." खाली नाव नाही, गाव नाही. काजेवाली. ताईने साइटवर अंगठ्याचं लिहिलं तेव्हापासून कुणीही उठतं आणि घरचं असल्यासारखं विचारतं. मी उत्तर दिलं, "आमच्याकडे सर्व व्यवस्थित आहे. आपले इंटरनेट तपासून घ्यावे."

१२ तारीख, गुरुवार

आनंदाची बातमी. शोधून येणारे लोक आठवड्यात तिपटीवर गेले. "बसून घालायची विजार" असं शोधलं की ताईची साइट पहिल्या पानावर येते. मी ताईला दाखवलं. तिने चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांनापण सापडणार." मला एवढं बरं वाटलं की भाऊजींनाही कप धुऊ दिला नाही, मीच धुतला.

आणखी एक गंमत. सगळ्यात जास्त बघितलं जाणारं पान कोणतं? एकबाही सदरा. बाकीच्यांच्या दसपट. इतकी मागणी असेल असं ताईलाही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, बघ, नाव नीट दिलं की काय होतं. समितीच्या अहवालात हा आकडा सगळ्यात वर टाकणार आहे.

१४ तारीख, शनिवार

तक्रारी बावीस. आता मी एक ठरावीक उत्तर करून ठेवलंय, तेच सगळ्यांना चिकटवते. या लोकांना फुकट मिळालेल्या वस्तूची किंमतच नाही. चौदा वर्षं एका बाईने हात झिजवले, कुणी कधी विचारलं का? आणि आता चार दिवस काही दिसेना तर लगेच पत्रं.

"कुणाचं काही आलं का गं?" ताईने जेवताना विचारलं.

"तक्रारी. तू नको लक्ष घालूस."

"मला वाचून दाखवत जा की एखादं. मला पत्रं ऐकायला आवडतात."

"ऐकण्यासारखं काही नाही त्यात." मला माहितेय, तिला एकेकाला समजावत बसायचं असतं. मग बैठकीची तयारी कोण करणार?

१७ तारीख, मंगळवार

आज डोकं फिरलं. काजेवाली परत. "ताई, तुमचं उत्तर वाचून जरा चकितच झाले. इथे सहाही कॉम्प्युटरवर तेच आहे, सात सोडून काही नाही. मुलींचा वर्ग थांबलाय. तुम्ही पॅटर्न खरंच काढून टाकलेत का? तसं असेल तर मला तरी सांगायचं."

मला तरी. म्हणजे या कोण लागून गेल्या? सहा कॉम्प्युटर ठेवतात आणि एक चालवता येत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं आणि दुसऱ्यांदा वाचलंही नाही, सरळ पाठवून दिलं. इथे उतरवून ठेवते, पुढे कुणी विचारलं तर असावं म्हणून: "आपल्याला एकदा सांगितले आहे. ही साइट रोज हजारो लोक वापरतात, कुणालाही अडचण नाही. स्वतःचे अज्ञान दुसऱ्याच्या माथी मारू नये. यापुढे या विषयावर पत्र पाठवू नये." खाली ताईचं नाव.

हजारो नाहीत, तीनशे वीस आहेत. पण अशा लोकांना आकडा मोठाच सांगावा लागतो.

१८ तारीख, बुधवार

भाऊजींनी आज नवीनच काढलं. त्यांना म्हणे दोन तक्रारवाल्यांचे फोन आले. "ही सगळी जुनीच माणसं आहेत. नवीन येतायत त्यातलं कुणी तक्रार करत नाही. असं का असावं?"

"जुन्या माणसांना बदल सोसत नाही म्हणून."

"माझ्याकडेही सदराच येतो," ते म्हणाले.

मला टोचायला हा माणूस कुठल्याही थराला जाईल. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला तो आकड्यांचा पसारा परत हवाय, तर सरळ तसं म्हणा." त्यांनी खांदे उडवले आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसले. ताई म्हणाली, "एकदा बघ तरी त्यांच्याकडे." बघायला मला वेळ नाही. अहवाल लिहायचाय.

२१ तारीख, शनिवार

हद्द झाली. केंद्राच्या कार्यालयाचं पत्र. "साइटवर सध्या एकच पॅटर्न उपलब्ध असल्याचे शिलाईघर प्रमुखांनी कळविले आहे. अशा स्थितीत प्रस्ताव समितीपुढे ठेवावा किंवा कसे याबाबत बैठकीत खुलासा करावा."

एकच पॅटर्न. एक हजार चाळीस आहेत तिथे, मी स्वतः मोजलेत. त्या प्रमुख बाईंनी डोळे उघडून साइट बघितली तरी का? घ्यायचं नसेल तर नको म्हणा, खोटं कशाला?

ताईने पत्र माझ्या हातातून घेतलं. वाचलं. "बाईंनी असं लिहिलं?" म्हणाली. "अकरा वर्षं ओळखतात मला. काही वाटलं असतं तर आधी मला एक ओळ लिहिली असती."

"माणसं अशीच असतात," मी म्हटलं.

"त्या नाहीत तशा." आणि उठून आत गेली. तिला असं बघवत नाही. ज्या बाईवर हिने एवढा विश्वास टाकला तिने ऐन वेळी हात वर केले. सत्तावीसला मी त्या बाईंना सगळ्यांसमोर धारेवर धरणार आहे.

२३ तारीख, सोमवार

सकाळी भाऊजी म्हणाले, "माझं खोटं आहे हे तरी येऊन सिद्ध कर." गेले, तणतणत.

त्यांनी जपून ठेवलेल्या पानाची नेहमीची खूण दाबली. एकबाही सदरा. "सगळे पॅटर्न" दाबलं. एकबाही सदरा. मी विचारलं, पाच तारखेला सकाळी तुम्ही साइट उघडली होती का. "उघडली होती की. तू चालू केलंस म्हणून बघत होतो. रोजची आठदहा पानं तपासली. सगळीकडे सदरा आला. म्हटलं तुला सांगावं, पण तू म्हणशील मला खुसपट काढायचंय."

मी खुर्चीत बसले.

कायमचं हलवलं, असं लिहिलं होतं मी. कायमचं असं सांगितलं की माणसाचा ब्राउझर ते शब्दशः खरं मानतो. तो नवा पत्ता स्वतःकडे टिपून ठेवतो आणि पुन्हा सर्व्हरला विचारायलाच येत नाही. मी पाच मिनिटांत फाइल दुरुस्त केली, पण ते ब्राउझर परत विचारायला आलेच नाहीत. माझ्या कोऱ्या खिडकीत मात्र कायम बरोबर दिसणार, कारण तिच्यात काही टिपलेलंच नसतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच हे शिकवते: आधी तात्पुरतं लिहा, आठवडाभर बघा, मग कायमचं करा. सोळा जणांना शिकवलंय. एकाने असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

२४ तारीख, मंगळवार

कोण अडकलं ते आता स्पष्ट आहे. पाच तारखेला सकाळी जे आले ते. म्हणजे जे रोज येतात ते. ताईची खरी माणसं. नव्यांना काही झालं नाही. आणि तो लोकप्रिय सदरा. दसपट मागणी. मी अहवालात सगळ्यात वर टाकला होता. तो कागद फाडला.

त्यांच्या ब्राउझरात शिरून मला काही पुसता येत नाही. मला एवढंच करता आलं: "सगळे पॅटर्न" हे बटण अजून जुन्याच पत्त्यावर जात होतं, ते नव्यावर नेलं. आणि सदऱ्याच्या पानावर सगळ्यात वर चौकट टाकली. मजकूर भाऊजींनी सांगितला: "तुम्हाला दुसराच पॅटर्न हवा होता का? चूक आमची आहे. इथे त्याचा आकडा लिहा, तो उघडेल." मी "तांत्रिक कारणामुळे" असं घालत होते. ते म्हणाले, "कारण कशाला, चूक लिही." लिहिलं. दुपारपर्यंत चाळीस जणांनी आकडे लिहिले. पाठ आहेत लोकांना.

भाऊजींनी "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. त्याचाही मला रागच आला.

ताईला सदऱ्याचं सांगितलं. पत्रांचं नाही. एकतीस जणांना मी काय काय लिहिलंय ते बैठक झाल्यावर बघेन.

२७ तारीख, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

ताई आणि मी बसने गेलो. शिलाईघर म्हणजे एक लांब खोली, दोन्ही बाजूंना शिवणयंत्रं, टोकाला काचेपलीकडे सहा कॉम्प्युटर. भिंतीवर ताईचे पॅटर्न कागदावर काढून टांगलेले, प्रत्येकावर मोठ्ठा आकडा. समितीचे तिघं आणि प्रमुख बाई. पन्नाशीच्या, बारीक, गळ्यात मापाची टेप. त्यांनी ताईला नमस्कार केला, बसा म्हणाल्या, आणि पुढे तिच्याकडे बघितलं नाही.

मी बोलले. छान बोलले. काही कॉम्प्युटरवर जुनी नोंद राहिली होती, त्यामुळे असं दिसलं, आता सोय केली आहे. कुणाची चूक ते सांगितलं नाही. एका कॉम्प्युटरवर नोंद पुसून एक हजार चाळीस पॅटर्न दाखवले. समितीच्या माना हलल्या. सगळं सरळ चाललं होतं.

मग बाईंनी वहीतून एक कागद काढला, ताईसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "पॅटर्नचं झालं. माझं एक वेगळं आहे. हे तुम्ही लिहिलंत?"

कागद उलटा होता तरी मी ओळखला. "आपल्याला एकदा सांगितले आहे."

ताईने पूर्ण वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. खाली तिचं नाव होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "हो. मीच. अंगठा दुखत होता, वैतागले होते. माफ करा, काजेवाली."

मग समजलं. बाईंच्या हातची बटणांची काजं बघून अकरा वर्षांपूर्वी ताईनेच ते नाव पाडलं होतं. त्या नावाने त्यांनी आधी मला, म्हणजे ताईलाच लिहिलं होतं. एकदा नाही, दोनदा.

मी तोंड उघडायला हवं होतं. महिनाभर माझं तोंड बंद नव्हतं. भाऊजी, तक्रारवाले, कार्यालय, या बाई, सगळ्यांवर तोंडसुख घेतलं मी. आणि तिथे मूग गिळून गप्प बसले. समितीचे तिघं बघत होते. मी नुकतीच किती छान बोलले होते.

"माफी कशाला," बाई म्हणाल्या. "पॅटर्न चांगले आहेत. मी आजच लिहून देते, शिलाईघर ते सांभाळेल." कागद घडी करून वहीत ठेवला. "वर्गाची वेळ झाली माझी." आणि गेल्या.

बसमध्ये तिसऱ्या थांब्यापर्यंत ताईचं तोंड खिडकीकडेच होतं. मग म्हणाली, "माझ्या नावाने पुन्हा कुणाला एक अक्षर लिहायचं नाही."

"पत्र तूच लिहिलंस असं का म्हणालीस?"

"चार माणसांत तुझी लाज काढू? धाकटी आहेस तू माझी." ती पुन्हा खिडकीकडे वळली. "पॅटर्न गेले चांगल्या हातात. आता मला लिहिणारं कोणी राहिलं नाही एवढंच."

ती आयुष्यात मला कधी असं बोललेली नाही. रडलीही नाही. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं.

२८ तारीख, शनिवार

सकाळी पहिल्या बसने एकटी गेले. पत्र लिहिणार होते, चार मसुदे केले, चारही फाडले. ज्या पेटीतून ते गेलं तिच्यातून पुन्हा काही पाठवायची मला हिंमत झाली नाही. ताईला सांगून गेले. भाऊजींनी थांब्यापर्यंत सोडलं.

शिलाईघरात वर्ग चालू होता. दहाबारा मुली, यंत्रं थांबलेली, बाई एका मुलीला बाही कशी जोडायची ते दाखवत होत्या. मी दारातच उभी राहिले आणि बोलायला लागले, कारण आत जाऊन बसले असते तर पुन्हा छान बोलले असते. म्हटलं, ते पत्र मी लिहिलं. ताईने ते काल तुमच्यासमोर पहिल्यांदा वाचलं. तुमची दोन्ही पत्रं तिला मी दाखवली नाहीत. साइटवरची चूकही माझीच, पाच तारखेची, अडीच तासांची, आणि ती मी काल समितीपासून लपवली. तुमच्यासारख्या आणखी तीस जणांना मी अशीच उत्तरं दिलीत, त्या सगळ्यांना आता माझ्या नावाने लिहीन.

मुली माझ्याकडे बघत होत्या. बाईंनी हातातली बाही खाली ठेवली.

"हे काल का नाही बोललात?"

महिनाभर मी प्रत्येकाला उत्तर दिलंय. या प्रश्नाला काय काय उत्तरं देता येतील ती सगळी माझ्या डोक्यात येऊन गेली. समिती होती, अचानक झालं, ताईच आधी बोलली.

"घाबरले," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं. मग काचेकडे बोट केलं. "तिथले पाच अजून अडकलेलेच आहेत. तुम्ही काल एकच दुरुस्त केलात."

मी आत जाऊन बसले. एकेका कॉम्प्युटरची आठवण पुसायची, जुन्या पत्त्याने पान उघडून बघायचं, मग पुढचा. मी दुसऱ्यावर होते तेव्हा बाई फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेल्या. "ताई, अंगठा कसा आहे?" एवढंच मला ऐकू आलं. पाचही संपले, मुलींनी जेवणाचे डबे उघडले, तरी त्या आत आल्या नव्हत्या. काचेतून त्यांची पाठ दिसत होती आणि फोन अजून कानालाच होता.